नौपाड्यातलं बॅटरीचं दुकान

ठाण्यात गोखले रोडच्या मागच्या गल्लीतलं हे छोटं दुकान. तिथले काका आधी विचारतात, "बॅटरी कशाला हवी?" आम्हाला इन्व्हर्टरसाठी हवी होती. गाडीची स्वस्त पडेल, असं माझ्या भावाचं म्हणणं. काकांनी ते ठामपणे खोडून काढलं. "दादा, तिच्या प्लेटा पातळ असतात. क्षणभर जोरदार करंट देऊन इंजिन चालू करायचं, मग अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरणारा जनरेटर, तिला पुन्हा भरतो. तासन्‌तास पंखे चालवलेत तर लवकर बसेल." त्यांनी १५० अँपिअर-अवर क्षमतेची ट्युब्युलर, म्हणजे नळीसारख्या प्लेटांची बॅटरी दिली, ती खोल डिस्चार्ज (बरीचशी रिकामी होणं) सोसते. डिस्टिल्ड वॉटरची पातळी कशी बघायची ते दाखवलं. चार्ज होताना हायड्रोजन हा पेट घेणारा वायू सुटतो, म्हणून बंद कपाटात ठेवू नका, हेही बजावलं.

भिंतीवरच्या घड्याळासाठी मी रिचार्जेबल सेल मागितले, तर तेही आत ठेवले. १.२ व्होल्टचे ते सेल कॅमेऱ्याच्या फ्लॅशला किंवा मुलांच्या खेळण्यांना घ्या, घड्याळाला साधा १.५ व्होल्टचा पुरतो म्हणाले. हातातली विक्री सोडून खरं सांगणारा दुकानदार मला फार मोलाचा वाटतो.

जुनी बॅटरी बदल्यात घेतात. पार्किंगला जागा नाही आणि ट्युब्युलर पन्नास किलोच्या आसपास भरते, तेव्हा घरपोचच मागवा.