घरातल्या कुंडीत काळी माती की कोकोपीट?

सांगलीच्या विश्रामबागेतल्या मैत्रिणीचा मनीप्लांट पिवळा पडला. माती बदलायची ठरलंय, पण कशाने, इथे तिचं अडलंय.

खर्चात काळी माती जिंकते. सांगलीत शेतातून घमेलंभर फुकट मिळते. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. त्याची पाच किलोची वीट विकत घ्यावी लागते, पण भिजली की साधारण ७० लिटर होते.

खरा फरक पाण्याचा. आपली काळी माती भिजली की फुगते, सुकली की आकसते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकला की ती कुंडीची कड सोडते. घातलेलं पाणी फटीतून थेट ताटलीत येतं, मुळं कोरडीच. पावसाळ्यात उलट, आठवडाभर चिखल आणि मुळं कुजतात. पिवळ्या पानांचं कारण बहुधा हेच. कोकोपीट हवा खेळती ठेवतं, मात्र वरून सुकं दिसतं आणि आत ओलं असतं. बोट दोन पेरं खुपसून बघायचं, मगच पाणी. कुंडीत भरण्याआधी कोकोपीट दोन-तीनदा धुवायचं, क्षार निघतात.

पोषण कोकोपीटमध्ये जवळपास नाही. गांडूळखत हवंच.

मनीप्लांट, सिंगोनियमला कोकोपीट-गांडूळखत घ्या. गच्चीवरच्या जास्वंदीला, मोठ्या कुंडीत वाळू-शेणखत मिसळलेली काळी माती चालेल. स्नेक प्लांटला नुसतं यातलं काहीच नको. निम्मी जाड वाळू घाला.