मराठी माध्यमातली लेक आणि ठाण्यातलं शनिवारचं केंद्र : ११ महिन्यांचा अनुभव

गेल्या ऑगस्टपासून दर शनिवारी मी लेकीला कोपरखैरण्याहून ठाण्याला घेऊन जाते. नौपाड्यात एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर एक छोटी संस्था अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणितात येणारी अडचण) आणि एडीएचडी (लक्ष न टिकणं, चंचलपणा) असलेल्या मुलांसाठी केंद्र चालवते. संस्थेचं नाव लिहीत नाही. त्यांच्याकडे आधीच रांग आहे, आणि मला जे सांगायचंय ते एका संस्थेपुरतं नाहीच. मूल मराठी शाळेत असेल तर त्याला मदतही मराठीतूनच मिळायला हवी. तशी ती मिळणार का, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या. मी विचारलं नव्हतं, आणि त्यात आमचे सहा महिने गेले.

मनू अकरा वर्षांची आहे, सहावीत. चौथीपर्यंत तिच्या प्रगतिपुस्तकात एकच शेरा असायचा : हुशार आहे, पण लक्ष देत नाही. घरी आम्ही तिला वेंधळी म्हणायचो. ती वर्गात उड्या मारत नव्हती, कुणाला चिमटे काढत नव्हती. खिडकीतून बाहेर बघत गप्प बसायची, आणि गप्प बसणाऱ्या मुलीची तक्रार कुणी घरी पाठवत नाही. एडीएचडीचा असाही एक प्रकार असतो, ज्यात चंचलपणा दिसत नाही, फक्त लक्ष टिकत नाही, हे आम्हाला ती दहा वर्षांची झाल्यावर कळलं. सोबत वाचनाची आणि आकड्यांची अडचण होतीच. त्रेपन्न सांगितलं की ती ३५ लिहायची. दर वेळी.

या त्रेपन्नबद्दल थोडं लिहिते. मराठीत आपण तीन आधी बोलतो आणि पन्नास मागून, लिहिताना मात्र पाच आधी. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात एकवीसला 'वीस एक' अशी वाचायची पद्धत दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. आमच्या घरीही सगळे चिडले होते, मीसुद्धा. आज माझी मुलगी 'पन्नास तीन' असं पुटपुटते आणि ५३ बरोबर लिहिते. मग मोठ्याने 'त्रेपन्न' म्हणते. दोन्ही येतात तिला.

आधी आम्ही घराजवळच एका खासगी ठिकाणी जायचो. पाऊण तासाचे ७०० रुपये. शिकवणाऱ्या मॅडम मनाने चांगल्या होत्या, पण त्यांच्याकडचं सगळं साहित्य इंग्रजी. कॅट, बॅट, मॅट. मराठी शाळेत जाणारं, वेलांटीत अडखळणारं मूल सहा महिने इंग्रजी अक्षरांचे आवाज शिकत बसलं. तपासणीही इंग्रजीतून झाली होती. ज्या भाषेत मूल शिकतच नाही, त्या भाषेत त्याची वाचनाची पातळी काढून काय कळणार? मराठीतून तपासता येत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. मनेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाची डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचनातल्या अक्षमतेची, चाचणी तयार केली आहे, ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे.

आता केंद्राबद्दल. महिना १२०० रुपये, चार शनिवार, दोन-दोन तास. अर्धा तास ऑक्युपेशनल थेरपी (हालचाली आणि रोजची कामं जमावीत म्हणून करून घेतात ते उपक्रम), पाऊण तास वाचन-लेखन, उरलेला वेळ मुलांचे गटातले खेळ. त्याच वेळात पालकांची बैठक. इथल्या वाचनाच्या बाई पूर्वी मराठी शाळेत शिकवायच्या, नंतर त्यांनी विशेष शिक्षणाचा कोर्स केला. फरक पहिल्या दिवशीच जाणवला.

दुसऱ्या की तिसऱ्या शनिवारी त्यांनी मला आत बसू दिलं. ताटात रवा पसरलेला. बाई म्हणाल्या, "सूर्य म्हण." मनू म्हणाली, "सूर्य." "आधी काय ऐकू आलं?" "सू." "मग?" "र." "मग?" "य." आता लिही म्हटल्यावर तिने रव्यात बोटाने सू काढला, मग र, मग य. सूरय. मी घरी असते तर इथेच ओरडले असते. बाई म्हणाल्या, "ऐकलंस अगदी बरोबर. पण हा र बोलतो आधी आणि बसतो पुढच्याच्या डोक्यावर." त्यांनी लाल लोकरीचा एक वाकडा तुकडा मनूच्या हातात दिला आणि रव्यातला मधला र पुसायला सांगितला. मनूने लोकर य च्या डोक्यावर ठेवली. मग ताट हलवून रवा सारखा केला आणि पुन्हा लिहिलं. मग वर्ग, मार्ग, अर्धा, गर्दी. प्रत्येक वेळी लोकर शेवटी.

नुसत्या र वर एक महिना गेला. 'चक्र'मधला, 'ट्रक'मधला, 'दुसऱ्या'मधला. तोच र, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा दिसतो. पुढचा महिना पहिल्या वेलांटीचा. 'दिवस' लिहिताना हात आधी वेलांटीची रेघ काढतो आणि तोंड आधी द म्हणतं, तिथे मनू गोंधळायची. इतकी वर्षं आम्ही "नीट बघ, नीट बघ" म्हणत होतो. ती नीटच बघत होती. कुठे अडतंय हे तिच्या भाषेत शोधणारं माणूस नव्हतं.

पालकांच्या बैठकीला मी सुरुवातीला नाइलाजाने बसायचे, बाहेर पाऊस होता म्हणून. ठाणेकरांना हे नवीन नसेल, आयपीएच या संस्थेमुळे इथे १९९० पासून मानसिक आरोग्याचं काम चालू आहे आणि स्वमदत गट (एकाच अडचणीतली माणसं एकमेकांना आधार देतात तो) हा शब्द लोकांच्या कानावरचा आहे. मला तो नवा होता. कळव्याच्या एका ताईंनी सांगितलेली गोष्ट सगळ्यात आधी कामाला आली. मी सकाळी एका दमात म्हणायचे, दप्तर भर, डबा घे, केस विंचर, चप्पल घाल. मनू जागची हलायची नाही. आता एक सांगायचं, ते झालं की दुसरं. अभ्यासाला स्वयंपाकघरातला टायमर लावतो. १५ मिनिटं काम, ५ मिनिटं उठून फिरणं. पूर्वी अडीच तास रडारडीत जाणारा गृहपाठ आता तासाभरात उरकतो.

आमचे हे एपीएमसीच्या भाजी मार्केटला असतात, रात्रपाळीचं काम. त्यामुळे चार महिने मी एकटीच जात होते. डिसेंबरात एका शनिवारी ते झोप टाकून आले. तासभर काही बोलले नाहीत. मग एकदम म्हणाले, "मी पोरीला पट्टीने मारलंय. पाढ्यांसाठी. खूपदा." कुणी काही उपदेश केला नाही. शेजारच्या काकांनी पाण्याची बाटली त्यांच्याकडे सरकवली आणि म्हणाले, "मीपण, साहेब." परतताना ट्रेनमध्ये मनू यांच्या खांद्यावर झोपली होती, ऐरोली गेलं तरी हे खिडकीबाहेरच बघत होते. त्यानंतर पट्टी घरात दिसली नाही. माझ्या दृष्टीने या अकरा महिन्यांतला सगळ्यात मोठा बदल हा.

केंद्रातल्या समन्वयक ताई शाळेतही येतात, हे मला आधी माहीत नव्हतं. शाळेत पहिलं उत्तर मिळालं होतं की एकीला सवलत दिली तर उद्या सगळे मागतील. ताईंनी वाद घातला नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याची कलमं १६ आणि १७ मराठीत छापून नेली होती. अध्ययन अक्षमता लवकर ओळखून शिकवण्याची पद्धत बदलणं, परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. मग त्या वर्गशिक्षिकेजवळ बसल्या आणि तीन साध्या गोष्टी मागितल्या. मनू पुढच्या बाकावर, फळ्यावरचं उतरवून घ्यायला शेजारणीची वही, आणि चाचणीत प्रश्न एकदा वाचून दाखवणं. तिन्ही मिळाल्या. वर्गशिक्षिका आता स्वतःहून फोन करतात.

परीक्षेतल्या सवलतींसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राचं काम वेगळं आणि दमवणारं. सरकारी रुग्णालयात आम्हाला पाच खेपा पडल्या, जवळपास तीन महिने गेले. डोळे आणि कान आधी तपासतात, मग बुद्ध्यांक, मग शैक्षणिक चाचणी. बुद्ध्यांक सरासरी निघाला तेव्हा यांना खरं वाटेना, कागद दोनदा वाचला. दोन गोष्टी लक्षात ठेवा. कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी वेगळा प्रकार म्हणून नाही. आमचं प्रमाणपत्र अध्ययन अक्षमतेवर मिळालं. आणि ते आठव्या वर्षानंतर मिळतं, पुढे चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते. जुने कागद, वह्या, रिपोर्ट काही टाकू नका. जादा वेळ तासाला २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. दहावीला तो लागणारच आहे.

औषधाबद्दल थोडक्यात. बालमानसोपचारतज्ज्ञांनी मिथाइलफेनिडेट सुरू केलं, चार महिने झाले. वर्गात बसणं सुधारलं. दुपारची भूक गेली, डबा भरलेला परत येतो, म्हणून सकाळी पोटभर खायला घालून पाठवते. प्रत्येक मेडिकलमध्ये ते मिळत नाही आणि चिठ्ठीशिवाय देत नाहीत, तेव्हा गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी शोधाशोध सुरू करते. घ्यावं की नाही हे तुमच्या डॉक्टरांना विचारा, माझं ऐकून काही करू नका.

केंद्राच्या उणिवाही लिहायला हव्यात. नाव नोंदवून जागा मिळायला अडीच महिने लागले. थेरपिस्ट अकरा महिन्यांत तीनदा बदलल्या, आणि प्रत्येक नव्या ताईशी रुळायला मनूला महिना लागतो. एकाच हॉलमध्ये दोन गट बसतात, मधे कपाट. ज्या मुलांचं लक्ष आवाजाने उडतं त्यांना असं बसवणं चूक आहे, हे मी त्यांच्या वहीतही लिहून आले आहे. गणिताला वेगळी शिक्षिका नाही. आठवड्याच्या इतर दिवशी काही नाही, माझी रबाळ्याची नोकरी सांभाळून ते सोयीचं असलं तरी मुलांना एका दिवसात पुरत नाही. आमच्यासारख्या नवी मुंबईकरांसाठी वाशीला महापालिकेचं ईटीसी हे दिव्यांगांच्या शिक्षण-प्रशिक्षणाचं केंद्र आहे, तिथे आधी चौकशी करा. आम्ही ठाण्यात टिकलो कारण माझं माहेर चरईत आहे आणि शनिवारचं जेवण आईकडे होतं.

मनू आज चौथीचं पुस्तक हळू पण न अडखळता वाचते. सहावीचं नाही. शुद्धलेखन अजून कच्चं आहे, पाण्याच्या बाटल्या अजून हरवतात. पण ठाणे स्टेशनला नऊ नंबरवर गाडीची वाट बघताना ती आता स्वतःहून इंडिकेटर वाचते आणि "आई, ही पनवेल, चालेल" म्हणते. पूर्वी विचारलं तर माझा हात घट्ट धरायची.

केंद्र फक्त दहावीपर्यंतच्या मुलांना घेतं. बैठकीतल्या एका ताईंचा मुलगा यंदा अकरावीला गेला आणि त्याचं येणं बंद झालं. अडचण तर तीच आहे, वर कॉलेज नवं. आम्ही १४ पालकांनी मिळून संस्थेला अर्ज दिलाय, मोठ्या मुलांसाठी रविवारी सकाळी एक तुकडी सुरू करा, हॉलची झाडलोट आणि चहापाणी आम्ही बघतो. गणपतीनंतर विश्वस्तांची बैठक आहे. काय ठरलं ते कळवीन.