छतावर पाच किलोवॅट: एका सौद्यात पैसे कुठे कुठे गेले

घरावर सोलर बसवणं परवडतं का? महाराष्ट्रातल्या विजेच्या दरात, मापाने बसवलं तर नक्की परवडतं. तरीही याच कामात लोक दीड-दोन लाखांना बुडतात आणि बुडाल्याचं त्यांना कित्येक महिने कळतही नाही. खालचा सौदा तसाच आहे. घर कुणाचं, एजन्सी कुठली हे बाजूला ठेवू. आकडे नीट बघा, कारण असंच कोटेशन उद्या तुमच्या दारात येईल.

तालुक्याच्या गावातलं स्लॅबचं घर, सिंगल फेज जोडणी, महिन्याचा सरासरी वापर १९० युनिट, बिल दोन हजारांच्या आसपास. एजन्सीच्या माणसाने एका कागदावर मांडणी करून दिली: ५४० वॅटची १० पॅनेलं, म्हणजे पाच किलोवॅटच्या वर. किंमत ३,४०,०००. पीएम सूर्यघर योजनेची सबसिडी ७८,०००, म्हणजे खिशातून २,६२,०००. वीज महिन्याला ६०० युनिट. दर १२ रुपये. वर्षाचे झाले ८६,४००. "तीन वर्षांत पैसे वसूल, पुढची बावीस वर्षं फुकट."

गुणाकार बरोबर आहे आणि पाच किलोवॅटला महिन्याला ६०० युनिट हा आकडाही फारसा फुगवलेला नाही. एक किलोवॅट दिवसाला सरासरी पावणेचार-चार युनिट देतो. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. गोम आहे ती १२ रुपयांत. जे युनिट तुम्ही महावितरणकडून विकत घेणारच होतात, तेवढ्याच युनिटवर तुमचे पूर्ण दराने पैसे वाचतात. या घराला लागतात १९०. त्यातले पहिले १०० स्वस्त टप्प्यातले, वहन आकार धरून सहा रुपयांच्या आसपासचे. फक्त वरचे ९० हे १०१ ते ३०० च्या टप्प्यातले, म्हणजे साधारण अकरा-साडेअकरा रुपयांचे. त्यावर स्थिर आकार आणि १६ टक्के वीज शुल्क. सोलर बसवल्यावरही स्थिर आकार जात नाही, त्यामुळे 'शून्य बिल' हा शब्दच खोटा आहे. या घरात वर्षाला फार तर २२,००० रुपये वाचू शकतात. छतावर दोन किलोवॅट बसवा नाहीतर दहा, हा आकडा वाढत नाही.

मग बाकीच्या युनिटचं काय होतं? नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे आत येणारी आणि बाहेर जाणारी वीज एकाच मीटरवर मोजण्याच्या पद्धतीत, उरलेले युनिट पुढच्या महिन्याच्या बिलात जमा धरले जातात. असं आर्थिक वर्ष संपेपर्यंत, म्हणजे ३१ मार्चपर्यंत चालतं. त्यानंतर जे शिल्लक राहतात त्यांचे पैसे वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने मिळतात आणि तो दर तुम्ही भरता त्या दराच्या जवळपासही नसतो. तीन रुपये धरून बघू. पाच किलोवॅटला वर्षाचे ६,७५० युनिट धरले आणि घरचे २,२८० वजा केले तर उरतात ४,४७०. त्यांचे झाले साडेतेरा हजारांच्या आत. बचत आणि विक्री मिळून वर्षाला ३५,००० च्या थोडं वर. २,६२,००० वसूल व्हायला साडेसात वर्षं लागतील, तीही सगळं मटेरियल अस्सल असेल तर.

या घराला लागत होते दोन किलोवॅट. सरळ हिशेब आहे: वर्षाचे युनिट भागिले १,३५०, कारण एक किलोवॅट वर्षाला साधारण तेवढे युनिट देतो. २,२८० ला भागल्यावर १.७ येतात. दोन किलोवॅटचा खर्च १,३०,००० धरला तर सबसिडी ६०,००० मिळून खिशातून ७०,००० जातात आणि ते सव्वातीन वर्षांत वसूल होतात. म्हणजे 'तीन वर्षांत वसूल' हे खरंच शक्य होतं, फक्त एजन्सीने विकलं त्या मापात नव्हे. वरचे १,९२,००० रुपये वर्षाला साडेतेरा हजार आणतील, म्हणजे सात टक्के. तेवढं व्याज बँकेतही मिळू शकतं आणि तिथे मुद्दल परत मिळतं. पॅनेलमध्ये घातलेलं मुद्दल परत येत नाही.

मोठं माप विकण्यात एजन्सीचा फायदा उघड आहे. सबसिडीची रचना मात्र कुणी समजावून सांगत नाही. पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागे ३०,०००, तिसऱ्याला १८,०००, आणि तिथेच थांबते. ७८,००० ही कमाल मर्यादा आहे. चौथ्या आणि पाचव्या किलोवॅटवर सरकारचा एक रुपयाही नाही. योजना आखताना सरकारने धरलेली किंमतही माहीत असू द्या: पहिले दोन किलोवॅट प्रत्येकी ५०,००० आणि तिसरा ४५,०००, म्हणजे तीन किलोवॅटला १,४५,०००. बाजारात थोडं वरखाली होतं. उंच स्ट्रक्चर घेतलं तर लोखंडाचे पैसे वाढतात. पण कोटेशन या आकड्याच्या दीडपट असेल तर प्रत्येक वस्तूचा दर वेगळा लिहून मागा. सप्टेंबर २०२५ पासून पॅनेल, इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणारं यंत्र) या मालावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. जुन्या दराने लावलेली बिलं अजून दिसतात.

आता माल.

टेम्पोतून १० पॅनेलं उतरली. मागच्या स्टिकरवर ५४० वॅट छापलेलं, सिरियल नंबर होता, सगळं नवंकोरं. कुणी मोजायचा टेप लावला नाही. लावला असता तर तिथेच उलगडा झाला असता. कडक उन्हात एका चौरस मीटरवर साधारण १,००० वॅट ऊन पडतं आणि चांगलं पॅनेल त्यातलं २१ ते २२ टक्के विजेत बदलतं. त्यामुळे ५४० वॅटला अडीच चौरस मीटरच्या आसपास काच लागतेच. ५४० वॅटचं पॅनेल २.२८ मीटर लांब आणि १.१३ मीटर रुंद असतं. इथली पॅनेलं भरली १.९६ बाय ०.९९, म्हणजे दोन चौरस मीटरलाही कमी. एवढ्या काचेतून ५४० वॅट काढायचे तर २७-२८ टक्के लागतील आणि तसं पॅनेल घरगुती बाजारात मिळत नाही. हे माप जुन्या ३३५ वॅटच्या पॅनेलचं. नवं स्टिकर फक्त मागे डकवलेलं. छतावर ५.४ नव्हे, ३.३५ किलोवॅट चढले.

दुसरी खूण काचेच्या आत असते. बऱ्याच कंपन्या सिरियल नंबरची पट्टी काचेखाली ठेवून पॅनेल सील करतात. ती पट्टी आणि मागचं स्टिकर जुळलं पाहिजे. स्टिकरचाही गुणाकार करून बघा: कमाल शक्तीचा व्होल्टेज गुणिले कमाल शक्तीचा करंट, उदाहरणार्थ ४१.५ गुणिले १३ म्हणजे ५४०. घाईत छापलेल्या नकली स्टिकरवर हा गुणाकार कधी कधी जुळतच नाही.

मग इतके महिने कुणाला कळलं कसं नाही? कारण बिल खाली आलं होतं. घराला दिवसाला सव्वासहा युनिट लागतात आणि ही पॅनेलं एप्रिलच्या स्वच्छ उन्हात १४ युनिट देत होती. बिलावर स्थिर आकार आणि किरकोळ रक्कम उरली, घरचे खूश. पाच किलोवॅटने त्या दिवशी २२-२४ युनिट द्यायला हवे होते, हे बिलावरून कधीच दिसणार नव्हतं. गरजेपेक्षा मोठं माप विकलं की कमी माल त्यात आरामात लपतो. म्हणून तपासणी बिलावर करू नका, इन्व्हर्टरवर करा. इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर किंवा मोबाइल ॲपवर 'आजचे युनिट' दिसतात. फेब्रुवारी ते मे या काळात निरभ्र दिवशी, सावली नसताना, किलोवॅटमागे साडेचार युनिटच्या आसपास यायला हवेत. आठवडाभर रोज संध्याकाळी सात वाजता आकडा लिहून ठेवा. तीनच्या खाली येत असेल तर आधी काच धुवा, मग टाकीची किंवा शेजारच्या झाडाची सावली बघा, आणि तरीही येत नसेल तर टेप काढा.

इथे बिंग फुटलं ते सबसिडीमुळे. सबसिडी मिळण्यासाठी पॅनेल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले लागतात. बोलीभाषेत 'डीसीआर' पॅनेल. ते वॅटमागे काही रुपयांनी महाग असतं, त्यामुळे कोटेशनवर डीसीआर आणि छतावर दुसरंच, हा प्रकार चालतो. एजन्सीने पोर्टलवर भरलेले सिरियल नंबर वेगळे आणि छतावरचे वेगळे निघाले. प्रकरण अडकलं, ७८,००० अडकले. एजन्सीने मात्र माल उतरताच नव्वद टक्के रक्कम घेतलेली होती.

सबसिडीचा रस्ता नीट समजून घ्या. अर्ज पीएम सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहकाच्या नावाने होतो. नोंदणीकृत एजन्सी तुम्ही निवडता, काम होतं, नेट मीटर बसतो, महावितरणची तपासणी होते आणि मग पैसे थेट ग्राहकाच्या बँक खात्यात येतात. एजन्सीच्या खात्यात जात नाहीत. "सबसिडी आम्ही आधीच वजा करून देतो, तुम्ही फक्त ओटीपी सांगा" असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. अर्जात मोबाइल नंबर तुमचाच हवा. एजन्सीने स्वतःचा टाकला तर पुढचं काहीच तुम्हाला कळणार नाही. वीजबिल वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तर आधी नाव बदलून घ्या, नाहीतर बँक खात्याचं नाव जुळत नाही. कर्ज घेतलं असेल तर बँक बहुधा रक्कम थेट एजन्सीला देते. काम पूर्ण झाल्याच्या कागदावर माल येण्याआधी सही केलीत, तर हप्ते सुरू होतील आणि छत रिकामं राहील.

तारा आणि अर्थिंग यांत पैसे थोडे वाचवले जातात, पण धोका इथेच सगळ्यात मोठा. पॅनेल ते इन्व्हर्टर ही तार सोलरची खास डीसी केबल हवी, चार चौरस मिलिमीटरची, कथिलाचा मुलामा असलेल्या तांब्याची, उन्हाने न तडकणाऱ्या आवरणाची. या घरात घरगुती वायरिंगची तार ओढली होती. एका उन्हाळ्यात तिचं आवरण कडक झालं. डीसीच्या पेटीत डीसीचाच एमसीबी लागतो. एसीचा एमसीबी डीसीची ठिणगी वेळेत तोडू शकेलच असं नाही आणि पेटी जळू शकते. अर्थिंगचे खड्डे तीन आणि वेगवेगळे: एक पॅनेल-स्ट्रक्चरचा, एक एसी बाजूचा, एक लायटनिंग अरेस्टरचा, म्हणजे आकाशातून पडलेली वीज जमिनीत उतरवणाऱ्या दांड्याचा. इथे तिन्ही तारा एकाच रॉडला बांधून वर माती ओढलेली होती. अशा जोडणीत वीज पडली तर अरेस्टरमधून उतरलेला झटका त्याच रॉडवरून इन्व्हर्टरकडे परत चढू शकतो. वायरमनला अर्थ टेस्टर आणायला सांगा आणि ओममधला आकडा बिलावर लिहून घ्या. पाचच्या आत हवा.

स्ट्रक्चर गरम झिंकात बुडवलेलं हवं, चांदीचा रंग मारलेलं नको. कापलेल्या टोकांवर आणि भोकांच्या आत बघा: तिथे उघडं लोखंड दिसलं तर तो रंग असल्याचा संशय घ्या. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या वाऱ्याने असं स्ट्रक्चर दोन पावसाळ्यांतच गंजायला लागतं. नट-बोल्टला चुंबक लावा. घट्ट चिकटला तर ते चांगलं स्टेनलेस नाही.

आणखी एक थाप: "लाइट गेली तरी घर चालेल." साधा ऑनग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडून चालणारा इन्व्हर्टर लाइन गेली की स्वतः बंद होतो, भर उन्हातही. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवासाठी तो तसाच बनवलेला असतो. लाइट गेल्यावर वीज हवी तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, त्याचा खर्च वेगळा आणि बॅटरीला ही सबसिडी नाही.

नेट मीटर यायच्या आधी "चालू तर करून टाकू" म्हणून सिस्टिम सुरू करू देऊ नका. अनेक साधे इलेक्ट्रॉनिक मीटर बाहेर जाणारी वीजही वापर म्हणूनच मोजतात, आणि महिन्याचं बिल घटण्याऐवजी वाढून येतं. शिवाय अशी जोडणी परवानगीविना ठरते.

पैशांचे टप्पे करारात असे लिहून घ्या: ऑर्डरला दहा टक्के. माल उतरल्यावर, टेप लावून आणि सिरियल नंबर जुळवून, साठ. अर्थिंगचा आकडा मिळाल्यावर वीस. शेवटचे दहा नेट मीटर बसून एक बिल आल्यावर. सगळ्या पॅनेलचे आणि इन्व्हर्टरचे सिरियल नंबर जीएसटी बिलावर असले पाहिजेत, नाहीतर पुढे वॉरंटी मागता येत नाही. '२५ वर्षांची वॉरंटी' ही पॅनेल किती टक्के वीज देत राहील याची असते. वस्तू म्हणून पॅनेलची वॉरंटी बहुधा १० ते १२ वर्षांची आणि इन्व्हर्टरची त्याहून कमी. योजनेत एजन्सीवर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी आहे, ती करारात लिहून घ्या.

फसवणूक झालीच असेल तर पॅनेल उतरवू देऊ नका. "बदलून देतो" म्हणून पुरावाच टेम्पोत भरून नेला जातो. आधी टेप लावून मापाचे, सिरियल नंबरचे, इन्व्हर्टरच्या आकड्यांचे आणि अर्थिंगचे फोटो काढा. तक्रार तीन ठिकाणी करा: सूर्यघर योजनेची हेल्पलाइन १५५५५, महावितरणचं उपविभागीय कार्यालय (लेखी, पोच घेऊन), आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ओटीपी किंवा खोट्या वेबसाइटवरून पैसे गेले असतील तर त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर फोन करा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधीच गोठवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. या घराच्या तक्रारअर्जाला सगळ्यात जास्त वजन आलं ते दोन फोटोंमुळे: पॅनेलवर धरलेला टेप, आणि त्याच पॅनेलच्या मागचं ५४० वॅटचं स्टिकर.