टपावरचं सीलंट काढायचंय: तार, ऊब, रसायन की पातं?

गाडीच्या टपावरून कॅरिअर, सोलर पॅनल किंवा व्हेंट (हवेचा झरोका) उतरवायचं ठरलं की खरी झुंज स्क्रूंशी नसते, खाली घट्ट धरून बसलेल्या सीलंटशी, म्हणजे फटी बुजवणाऱ्या चिकट लेपाशी असते. ते काढायचे मार्ग मोजकेच आहेत: तारेनं कापणं, गरम करणं, रसायन लावणं आणि पात्यानं खरवडणं. यातला कुठला निवडायचा ते दोन गोष्टींवर ठरतं. सीलंट कुठलं आहे आणि त्याच्याखाली काय आहे. बहुतेक जण पहिल्यावरच थांबतात, पण माझ्या मते दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सीलंट आज निघालं नाही तर उद्या निघेल. कारखान्यात लागलेला रंग मात्र सगळे थर धरून साधारण 100 ते 150 मायक्रॉन जाडीचा असतो, आणि त्यातला सर्वांत वरचा पारदर्शक थर म्हणजे क्लिअर कोट जेमतेम 40–50 मायक्रॉनचा. एक खोल चरा पत्र्यापर्यंत गेला की तिथून गंज सुरू होतो, आणि तोही नेमका पाणी साचणाऱ्या जागी.

सीलंट ओळखणं तसं सोपं आहे. कडेचा छोटा तुकडा कापून बघा. बोटांना चिकटतो, ताणला की लांबत जातो आणि परत आखडत नाही, तर ते ब्यूटाइल. रबरासारखा लवचिक, पण पृष्ठभाग निसरडा आणि त्यावर रंगाचा थेंब टाकला तर तो धरत नाही, तर सिलिकॉन. टणक रबरासारखा आणि रंग धरणारा, तर बहुधा पॉलियुरेथेन म्हणजे पीयू, नाहीतर हायब्रिड पॉलिमर. शेवटच्या दोघांची वागणूक काढताना बरीचशी सारखीच असते.

वस्तू अजून टपावर चिकटलेली असेल तर माझं मत ठाम आहे: आधी तार. उचकटू नका. पटाशी किंवा स्क्रू ड्रायव्हर घालून जोर लावला की पातळ पत्रा वाकतो, आणि टपाच्या मधल्या भागातला पोचा काढणं फार जिकिरीचं. फायबरच्या टपावर तर वरचा गुळगुळीत संरक्षक थर, म्हणजे जेलकोटच, पापुद्र्यासारखा उचलला जातो. स्क्रू असतील ते सगळे आधी काढा, मग वस्तूखालून मासेमारीची जाड तंगूस घालून करवतीसारखी मागेपुढे ओढा. तंगूस रंगाला सहसा इजा करत नाही, पण घर्षणानं तापून तुटत राहते, म्हणून लांब तुकडा घ्या आणि कापणारा भाग सतत बदलत राहा. जाड पीयूला ती पुरत नाही. तिथे काचा बदलणारे वापरतात ती पिळाची पोलादी तार लागते. ती झपाट्यानं कापते, मात्र कडेला रंगावर घासली तर रंगही कापते. त्यामुळे भोवती मास्किंग टेपचे दोन-तीन थर हवेत, आणि तार ओढताना ती टपात न रुतता किंचित वरच्या अंगानं राहायला हवी. दोन्ही टोकांना लाकडी मुठी बांधून दोघांनी समोरासमोर उभं राहून ओढलं की दाब सारखा राहतो.

उबेचा उपयोग सीलंटच्या जातीनुसार फार बदलतो. ब्यूटाइल आणि दुहेरी चिकटपट्टी गरम केली की सैल पडतात. ब्यूटाइलला तर उन्हात तापलेला टपसुद्धा पुरतो. पीयू थोडं नरमतं, कापायला हलकं जातं, पण आपणहून सुटत नाही. सिलिकॉनवर मात्र ऊब वाया जाते, कारण ते 200 अंश सेल्सिअसच्या आसपासही तग धरतं. तोवर खालचा रंग टिकणार नाही. म्हणून हीट गनपेक्षा हेअर ड्रायर बरा. हीट गनच्या तोंडाशी 500 अंशांहून जास्त उष्णता निघू शकते आणि एकाच जागी क्षणभर रेंगाळलं तरी रंगाला फोड येतात. टप इतकाच तापवा की तळवा क्षणभर टेकवता येईल. पीयू जळेपर्यंत तापवलं तर त्यातून फुप्फुसांना घातक आयसोसायनेटच्या वाफा निघतात. अनेक गाड्यांत टपाच्या दोन्ही कडांना आतून पडद्यासारख्या एअरबॅग असतात; तिथे हीट गन नकोच.

रसायनांकडून लोकांची सर्वांत जास्त अपेक्षा असते, आणि निराशाही तिथेच. वाळलेलं पीयू आणि सिलिकॉन नेहमीच्या द्रावकांत विरघळत नाही. त्यातल्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींत कायमच्या जोडल्या गेलेल्या असतात. द्रावकानं ते फार तर फुगतं आणि मऊ होतं. तेव्हा जाड थरावर बाटली ओतण्यात अर्थ नाही. रसायन शेवटच्या पातळ थरासाठी राखून ठेवावं. ब्यूटाइल याला अपवाद आहे, ते मिनरल टर्पेंटाइननं पुसून निघतं. सिलिकॉनसाठी खास रिमूव्हर मिळतात, पण त्यांना वेळ द्यावा लागतो.

आता खाली काय आहे ते पाहा. कारखान्याचा भट्टीत पक्का केलेला रंग टर्पेंटाइन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल थोडा वेळ सहन करतो. स्प्रेच्या डब्यानं टचअप केलेला रंग एसीटोन किंवा थिनरनं कापडाबरोबर निघून येईल. एसीटोन एबीएस प्लास्टिक विरघळवतं; ॲक्रिलिकच्या खिडकीला अल्कोहोलनंही बारीक तडे जाऊ शकतात. ईपीडीएम रबराचा टप असेल तर पेट्रोल, रॉकेल, टर्पेंटाइन या वर्गातलं काहीही लावू नका, रबर फुगून सुटं होतं. कुठलंही रसायन आधी कोपऱ्यात लावून बघा. आणि द्रावक व हीट गन एकत्र कधीच नाही. त्या वाफा पेट घेतात.

पातं घ्याल तर प्लास्टिकचं. ते लवकर बोथट होतं, कंटाळा येतो, तरी रंगावर तेच चालवावं: जवळजवळ आडवं धरून, साबणाच्या पाण्यानं जागा ओली ठेवून. पोलादी पात्याचा एक कोपरा रुतला की संपलं. ते काचेसाठी ठेवा. ड्रिलला लावायचं रबरी चाक चिकटपट्टीचा डिंक सुंदर काढतं, पण पीयूच्या जाड थरावर नुसतं तापत राहतं. तारेचा ब्रश आणि ग्राइंडर रंगाच्या आसपासही नकोत.

काम कुठे थांबवायचं, हा निर्णय मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्याच जागी पुन्हा पीयूच लावायचं असेल तर सगळं काढूच नका. पुढची काच बसवणारे कारागीर जुन्या पीयूचा 1–2 मिलिमीटरचा थर मुद्दाम ठेवतात, कारण नीट धरलेल्या, ताज्या कापलेल्या जुन्या थरावर नवं पीयू उत्तम बसतं आणि खालचा रंगही शाबूत राहतो. जागा मोकळीच ठेवायची असेल, तर मात्र शेवटचा थर काढून बारीक पॉलिश करावं लागेल. सिलिकॉनमध्ये ही सवलत नाही. त्याचा दिसणारही नाही इतका अंश राहिला तरी त्यावर रंग फाटतो आणि पीयू धरत नाही, म्हणून ते पूर्ण काढणं भागच आहे.

कॅम्परच्या, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीच्या, रबरी टपावर व्हेंटभोवती पसरट, आपोआप सपाट होणारं सीलंट असतं, त्याला शक्यतो हात लावू नका. ओढताना खालचं रबर फाटलं तर गळतीची जागा वाढते. सुटलेल्या कडा तेवढ्या कापा, घट्ट बसलेला भाग स्वच्छ पुसा आणि त्याच जातीचं नवं सीलंट वरून चढवा.