जुनाच टॉर्क कन्व्हर्टर, ‘अपग्रेड’च्या भावाने

पुण्यातील एका गॅरेजने माझ्याच गाडीचा टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिक गाडीत इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला पोचवणारा भाग) रंगवून, ‘अपग्रेडेड’ म्हणून परत मलाच विकला. कन्व्हर्टरचे ८६,०००, गिअरबॉक्स उतरवून चढवण्याची मजुरी २२,५००, बारा लिटर ऑइलचे ११,४०० आणि फिल्टर व सीलचे ६,३००, असे एकूण १,२६,२०० रुपये गेले. आकडे पूर्ण लिहितो आहे, कारण ‘लाख-सव्वा लाखाला बुडालो’ म्हटले की लोक हळहळतात आणि विसरतात.

गाडी सहा गिअरची ऑटोमॅटिक डिझेल असून ताशी ७० किलोमीटरच्या आसपास लॉक-अप क्लच (कन्व्हर्टरमध्येच बसवलेला, इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच) लागताना ती थरथरत असे. गॅरेजच्या मालकाने निदान केले की मूळ कन्व्हर्टर ‘कमजोर’ आहे. हाय-स्टॉल कन्व्हर्टर बसवला की थरथर जाईल आणि ताम्हिणीच्या चढाला गाडी ओढ घेईल. हाय-स्टॉलमध्ये स्टॉल आरपीएम, म्हणजे चाके रोखून धरली असता इंजिन जास्तीत जास्त जितक्या वेगाने फिरू शकते तो वेग, वाढवलेला असतो; तो वाढवला की कन्व्हर्टर अधिक घसरतो, ऑइल अधिक तापते, म्हणून मूळ गिअरबॉक्सला वेगळा ऑइल कूलर जोडावा लागतो आणि कंट्रोल युनिटचे (गिअर बदलणाऱ्या संगणकाचे) ट्यूनिंगही तपासावे लागते. यातले एक अक्षरही तो बोलला नाही. हाय-स्टॉल विकणारा कूलरचे नाव काढत नसेल, तर तिथून उठावे.

आणि तो क्षण! बसवण्यापूर्वी ‘नवा’ कन्व्हर्टर त्याने मोठ्या ऐटीत मला दाखवला. काळा, चकचकीत. हात लावला तर बोटांना रंग लागला. मेकॅनिकने तो कलता केला, तेव्हा आत ऑइल डुचमळले आणि हबमधून, म्हणजे मधल्या तोंडातून, काळपट, करपट वासाचा ओघळ फरशीवर आला. ‘टेस्टिंगचे ऑइल आहे, साहेब,’ असे तो शांतपणे म्हणाला. टेस्टिंगचे ऑइल करपलेले कसे असेल, हा प्रश्न आज लिहिताना सोपा वाटतो; पण गिअरबॉक्स जमिनीवर, निम्मी गाडी खोललेली आणि ६०,००० रुपये आधीच यूपीआयने दिलेले असताना तो कोणी विचारला असता, ते मला सांगावे. उरलेले ६६,२०० मालकाने रोख मागितले आणि पक्के बिल नंतर देतो म्हणाला. ते आजतागायत आलेले नाही.

काही आठवडे गाडी खरोखरच सुरळीत चालली. अशी थरथर अनेकदा खराब ऑइलमुळेच होते आणि ऑइल बदलले की काही काळ दबते. गुण आला तो ऑइलचा, श्रेय गेले कन्व्हर्टरला. थरथर परतल्यावर दुसऱ्या गॅरेजमध्ये २७,००० रुपये मोजून गिअरबॉक्स उतरवला, तेव्हा रंग खरवडताच खाली कारखान्याचे मूळ वेल्डिंग जसेच्या तसे निघाले. कन्व्हर्टरची दुरुस्ती करायची तर तो त्या जोडावर कापून पुन्हा वेल्ड करावाच लागतो. येथे कोणी करवतही लावली नव्हती. बसवण्यापूर्वी त्या जोडाचा आणि त्यावरील क्रमांकाचा फोटो काढून ठेवावा.

पोलीस चौकीत ऐकवले गेले की हा दिवाणी वाद आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणूक हा गुन्हा आहे, हे तक्रारदाराने पोलिसांना वाचून दाखवायचे का? मग विचारणा झाली, ‘पक्के बिल कुठे आहे?’ बिल न देणे हाच ज्या फसवणुकीचा भाग आहे, तिच्या तक्रारीसाठी बिलच मागायचे! दुसऱ्या साहेबांनी परिवहन कार्यालयाकडे बोट दाखवले, तिथल्या खिडकीने ‘गॅरेजचा आणि आमचा संबंध नाही’ म्हणून पुन्हा पोलिसांकडे पिटाळले, आणि अर्जावर पोचेचा शिक्का मिळवण्यासाठीसुद्धा मला आवाज चढवावा लागला. गॅरेज मात्र रोज सकाळी उघडते.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. यूपीआयची नोंद, फोटो आणि दुसऱ्या गॅरेजचा लेखी अहवाल जोडला आहे. तो रंगवलेला कन्व्हर्टर भंगारात न देता घरीच ठेवला आहे. तुमच्यावर अशी वेळ आली, तर काढलेला भाग मेकॅनिककडे मुळीच सोडू नका.