बारावीच्या मार्कशीटवर यूकेत नर्सिंगला ॲडमिशन : दहा महिन्यांनंतर काय वाटतं

आधी माझी केस सांगते म्हणजे तुलना करायला बरं. मी सांगलीची, दहावी मराठी मीडियम, बारावी सायन्स २००९ ला ६१ टक्के, मग लग्न, मग नवऱ्याच्या नोकरीमुळे लेस्टर. आयएलआर (इथे कायम राहायची परवानगी) झाल्यावर म्हटलं आता नर्सिंग करायचंच. इथे येऊन गुजराती फुकटात शिकले पण ॲडमिशनसाठी ती कोण धरणार.

सगळ्यांसारखी मीपण सुरुवात केली ती यूके एनिकच्या सर्टिफिकेटपासून. २०२१ पर्यंत ह्यालाच नॅरिक म्हणायचे, जुने लोक अजून तेच म्हणतात. ऑनलाइन स्कॅन टाकायचे, पैसे भरायचे (माझे साठेक पौंड गेले) आणि तुमची दहावी-बारावी इथल्या कशाच्या बरोबरीची आहे त्याचा कागद येतो. काम चोख झालं, तक्रार नाही. पण मी समजत होते की हा कागद म्हणजे ॲडमिशनची चावी, तसं अजिबात नाहीये. लेव्हल काय ते तो सांगतो, घ्यायचं की नाही हे कॉलेजवालेच ठरवतात. काही युनिव्हर्सिटी राज्य बोर्डाची बारावी थेट धरतात, फक्त सीबीएसईपेक्षा मार्क थोडे जास्त मागतात, कुठे ती फाउंडेशन इयरपुरतीच (डिग्रीआधीचं तयारीचं वर्ष) चालते, आणि नर्सिंगला बहुतेक ठिकाणी गेल्या तीन किंवा पाच वर्षांत काहीतरी शिकल्याचा पुरावा लागतो. माझी बारावी पंधरा वर्षं जुनी! मग ६१ काय आणि ९१ काय, ॲक्सेस कोर्स, म्हणजे शिक्षणात खंड पडलेल्या मोठ्यांसाठीचा डिग्रीआधीचा कोर्स, करावाच लागणार होता. हे मी आधी एक मेल टाकून विचारलं असतं तर... जाऊ दे.

कागद उपयोगी पडला तो दहावीच्या गणितासाठी. ॲक्सेसच्या कॉलेजने तो बघून जीसीएसईच्या (इथली साधारण सोळाव्या वर्षीची शाळेची परीक्षा) ऐवजी गणित धरलं. इंग्लिश नाही धरलं, मार्कशीटवर दुसरी/तिसरी भाषा छापलेलं त्यांनी बोट ठेवून दाखवलं. मग जीसीएसईऐवजी चालणारी फंक्शनल स्किल्स लेव्हल टू इंग्लिशची परीक्षा दिली, वाचन, लेखन आणि बोलणं असे तीन भाग. लेखनात स्पेलचेक नसतो, मोबाइलने लावलेल्या सवयी तिथे कळतात. बोलायच्या भागात मी एसटीने कॉलेजला कशी जायचे ते सांगितलं, पास झाले.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं नावाने. मार्कशीटवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग बाबांचं, बाळासो. पासपोर्टवर मधे नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. ॲडमिशन ऑफिसमधल्या बाईंनी तीनदा विचारलं की हे बाळासो कोण, तुमचं आधीचं नाव का? लग्नाचा दाखला ग्रामपंचायतीचा, मराठीत, त्याचं सर्टिफाइड भाषांतर करून दिलं तेव्हा गाडी पुढे सरकली. एवढ्यात दोन आठवडे गेले आणि इंडक्शन (कोर्सची सुरुवातीची ओळख) हुकलं.

ॲक्सेस डिप्लोमा ६० क्रेडिटचा असतो, त्यातल्या ४५ ला पास, मेरिट, डिस्टिंक्शन अशी ग्रेड, बाकी १५ ला नाही. फीसाठी ॲडव्हान्स्ड लर्नर लोन (सरकारी शैक्षणिक कर्ज) मिळालं, पुढे डिग्री पूर्ण केली की ह्या लोनची बाकी माफ होते, हे फार लोकांना माहीत नसतं. पण राहण्याच्या अटी असतात, नवऱ्याच्या स्किल्ड वर्कर व्हिसावर डिपेंडंट असाल तर सहसा मिळत नाही, ते आधी बघा.

अभ्यासाचं म्हणाल तर पहिला असाइनमेंट मी बारावीत लिहायचे तसाच लिहिला, व्याख्या, मग पाच मुद्दे, खाली आकृती, लेबलं पेन्सिलने. सरांनी बाजूला लिहिलं, हे सगळं बरोबर आहे पण तुमचं मत कुठंय? आपल्याकडे मत लिहिलं की मार्क कापायचे हो! हार्वर्ड रेफरन्सिंग (संदर्भ कुठून घेतला ते लिहायची पद्धत) शिकेपर्यंत नोव्हेंबर उजाडला. पण हृदयाचं काम, किडनी, पेशी हे माझं पाठ होतं आणि तिथे आपल्या बोर्डाला मनापासून सलाम, वर्गातल्या बाकीच्या मुली पहिल्यांदा शिकत होत्या.

यूकासला (युनिव्हर्सिटीचे अर्ज इथूनच जातात) जानेवारीतल्या मुदतीआधी पाच चॉइस भरले, दोन ऑफर आल्या. सप्टेंबरला डिग्री सुरू, आता डीबीएस (गुन्ह्यांची नोंद नाही ना याची तपासणी) आणि लसींचे कागद जमवतेय.

पैसे वसूल म्हणाल तर एनिकच्या कागदाला माझे पाचपैकी तीन, ॲक्सेसला पाच. आणि मार्कशीट स्कॅन करताना मागची बाजूपण करा, कॉलेजकडून माझं एकदा त्यावरूनच परत आलं होतं.