खारेपणा मोजायचा कशाने: रिफ्रॅक्टोमीटर, डिजिटल पेन की काचेचा हायड्रोमीटर?

समुद्री टँक (खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय) लावून झाला, 35 पीपीटी (पाण्याच्या हजार भागांत 35 भाग क्षार) हा आकडाही पाठ झाला, की तो आकडा मोजायचा कशाने हा प्रश्न उभा राहतो. प्लॅस्टिकच्या डबीतला हलत्या काट्याचा हायड्रोमीटर मी विचारातच घेत नाही, कारण काट्याला एखादा बुडबुडा चिकटला तरी तो खारेपणा वाढल्याचे सांगतो. उरतात तीन पर्याय: पाण्यात प्रकाश किती वळतो त्यावरून खारेपणा दाखवणारा, हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर, कंडक्टिव्हिटी म्हणजे पाण्याची विद्युतवाहकता मोजणारे डिजिटल पेन आणि पाणी जितके खारे तितका वर तरंगणारा काचेचा हायड्रोमीटर. तिन्ही मी मुंबईतल्या घरच्या टँकवर वापरले आहेत. तिन्हींपैकी कोणत्याही एकावर कोरल उत्तम सांभाळणारे लोक माझ्या ओळखीचे आहेत, तेव्हा पुढील मत एका घरच्या अनुभवापुरते समजावे.

सोयीच्या बाबतीत रिफ्रॅक्टोमीटरचा हात कोणी धरू शकत नाही. दोन थेंब टाकावेत, झाकण मिटावे, अर्धा मिनिट थांबून उजेडाकडे पाहावे आणि निळ्या-पांढऱ्याची सीमा वाचावी, इतकेच काम असते. मात्र घेताना एक गोष्ट तपासावी. स्वस्तात मिळणारे अनेक रिफ्रॅक्टोमीटर साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेले असतात. शुद्ध पाण्यावर शून्य अचूक लावले, तरी 35 पीपीटीच्या समुद्री पाण्यात ते सुमारे 36.5 दाखवतात, आणि त्यावर विसंबून गोडे पाणी घालणारा माणूस टँक 33.5 च्या आसपास नेऊन ठेवतो. म्हणून तो शुद्ध पाण्यावर न लावता 35 पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावरच लावावा.

डिजिटल पेनमध्ये ही सीमा डोळे बारीक करून शोधावी लागत नाही आणि तापमानाची दुरुस्ती ते स्वतःच करते, त्यामुळे चष्मा लागलेल्यांना ते सहज आवडेल. प्रोबच्या (पाण्यात बुडणाऱ्या टोकाच्या) खाचेत हवा अडकली तर आकडा कमी येतो. पेन बुडवून हलके ढवळले की तो सहसा जागेवर येतो.

माझ्यापुरता निकाल ज्या गोष्टीने लागला, ती या दोन्ही साधनांबाहेरची आहे: प्रमाणित द्रावणाची बाटली. दोन्ही साधने अधूनमधून सरकतात आणि त्यांना पुन्हा 35 वर आणण्यासाठी हे द्रावण लागते. परंतु उघडलेल्या बाटलीतील पाणी हळूहळू उडते, मीठ मागे राहते, आणि लेबलवर मात्र 35 च लिहिलेले असते. आतले द्रावण 36 झाले असेल, तर त्यावर लावलेले साधन यापुढे एक पीपीटी कमीच दाखवणार आणि आपण टँक निष्ठेने 36 वर राखणार. माझ्याकडे रिफ्रॅक्टोमीटर आणि पेन निरनिराळ्या बाटल्यांवर लावलेले असत आणि एकाच पेल्यातील पाण्याबद्दल त्यांचे एकमत क्वचितच होई. दर वेळी द्रावणाचे नवे पाकीट फोडणे हा त्यावरचा रास्त उपाय आहे, पण ते पाकीट हाताशी असावे लागते आणि दर वेळी त्याचे पैसेही मोजावे लागतात.

काचेच्या हायड्रोमीटरला लावणे-जुळवणे हा प्रकारच नाही. त्याचे वजन आणि आकारमान कारखान्यातच ठरलेले असते. तो फुटला नाही, दांड्यावर मीठ साचले नाही आणि आतली कागदी पट्टी सरकली नाही, तर पुढच्या वर्षीही तो तेच सांगेल. त्याला उंच नळकांडे आणि बरेच पाणी लागते, आणि वाचायलाही सबुरी हवी. हलकी गिरकी देऊन बुडबुडे झटकावेत, तो स्थिर होऊ द्यावा, आणि डोळा पाण्याच्या पातळीला आणून, दांड्यावर चढलेली पाण्याची कड सोडून, सपाट पृष्ठभागापाशी वाचन घ्यावे. 25 अंश सेल्सिअससाठी आखलेल्या हायड्रोमीटरवर 35 पीपीटी म्हणजे 1.0264 विशिष्ट गुरुत्व (शुद्ध पाण्याच्या तुलनेतली घनता). पाणी 28 अंशांवर असेल, आणि आपल्याकडे चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) नसलेल्या टँकमध्ये ते बहुधा असतेच, तर वाचन सुमारे एक पीपीटीने कमी येते. अशा वेळी पाणी निवू द्यावे किंवा तक्ता पाहावा. ही कटकट खरी आहे, पण ती दर वेळी सारखीच असते, त्यामुळे मला ती परवडते.

स्थिरतेचा प्रश्नही इथेच येतो. 100 लिटरमधून 3 लिटर पाणी उडाले तर 35 चे 36 होतात, म्हणून एटीओ (उडालेल्या पाण्याइतके गोडे पाणी आपोआप भरणारे यंत्र) बसवावाच; पंखे चालू असलेल्या एप्रिल-मेमध्ये तर त्यावाचून भागत नाही. परंतु एटीओला केवळ पातळी कळते. स्किमरच्या (फेसावाटे घाण काढणाऱ्या यंत्राच्या) कपातून आणि झाकणाच्या कडेला साचणाऱ्या मिठातून खारेपणा बाहेर जातो, त्याची जागा आरओचे पाणी घेते, आणि काही आठवड्यांत आकडा हळूच खाली उतरतो. अशा वेळी टँक घसरला की साधन घसरले, हे ओळखण्यासाठी जागचे न हलणारे काहीतरी घरात असावे लागते.

रोजच्या झटपट तपासणीसाठी रिफ्रॅक्टोमीटर माझ्याकडे आजही आहे. नॅनो म्हणजे अगदी लहान टँक असेल आणि एटीओ नसेल, तर दिवसातून दोनदा पाहायला पेनच बरे पडेल, हेही मान्य आहे. पण एकच साधन घ्यायचे असेल आणि घरात लहान मुले किंवा मांजर नसेल, तर माझे मत काचेच्या हायड्रोमीटरला आहे. पाणी बदलताना बादलीत कालवलेले नवे मिठाचे पाणी मी त्याच्यावरच तपासतो आणि मगच टँकमध्ये सोडतो.